गोव्यातील मराठी नियतकालिके

पोर्तुगीज राजवटीत आणि १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यात निघालेली मराठी वृत्तपत्रे व मासिके. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला, पण तो मिशनऱ्यांच्या हाती राहिला. अठराव्या शतकात मुद्रणच बंद पडले आणि ‘गाझेता द गोआ’ हे सरकारी पत्र १८२१ मध्ये निघाले. मराठीत ‘देशसुधारणेच्छु’ १८७२ चे.

हिंदू घरांत बोलणे कोकणीत, सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये, तर वाचन, कीर्तन आणि नाटक मराठीत चाले. त्यामुळे मराठी पत्र हे या समाजाचे सार्वजनिक व्यासपीठच बनले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि पत्रांना बहर आला. केप्याचे डॉ. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ हे त्यांतले निर्भीड पत्र. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सेन्सॉरने हा बहर खुडला. मोकळेपणी लिहायचे तर मुंबई गाठावी लागे.

मुक्तीनंतर काही महिन्यांतच, २४ मार्च १९६२ रोजी, दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झाले, बा. द. सातोसकर त्याचे पहिले संपादक. मराठी पत्रांचा सर्वांत तापलेला काळ मात्र जनमत कौलाचा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहावा, हा प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला. त्याला तोडीस तोड उत्तर दिले मडगावच्या ‘राष्ट्रमत’ने, आणि तेही मराठीतच. त्याचे संपादक चंद्रकांत केणी पुढे कोकणी साहित्यिक म्हणून गौरवले गेले. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर याच पत्रातले. मराठी वाचणारा म्हणजे विलीनीकरणवादीच, हे समीकरण या एका उदाहरणाने कोलमडते. गोव्याच्या इतिहासलेखनात त्याची याहून ठळक दखल घ्यायला हवी. १६ जानेवारी १९६७ च्या मतदानात विलीनीकरणाला १,३८,१७० आणि संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली.

१९७० मध्ये पणजीहून ‘नवप्रभा’ निघाले. ‘तरुण भारत’ आणि ‘पुढारी’ यांच्या गोवा आवृत्त्या नंतरच्या. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. घरी कोकणी बोलणारे अनेक गोमंतकीय आजही मराठी दैनिक वाचतात.