डायलिसिसचे चार तास: शरीरात काय होतं, घरी गेल्यावर काय जाणवतं

(आमच्या ठाण्यातील केंद्रात येणारे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

"डायलिसिस झालं की बरं वाटायला हवं ना? मग अंगातलं त्राण गेल्यासारखं का होतं?" हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ रोज येतो. बहुतेक वेळा तो रुग्ण विचारत नाही, बाहेर बाकावर बसलेली मुलगी नाहीतर बायको विचारते. सिस्टर सुया काढता काढता दोन वाक्यांत काहीतरी सांगतात, तोवर पुढच्या शिफ्टची माणसं दारात आलेली असतात. म्हणून तेच उत्तर इथे जरा सावकाश.

निरोगी मूत्रपिंडं आठवड्याचे 168 तास न थांबता चालतात. दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळायचं, त्यातलं हवं ते परत घ्यायचं आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर टाकायची, हे त्यांचं काम. मशीनच्या वाट्याला आठवड्यातून तीन वेळा चार तास, म्हणजे 12 तास येतात. शरीर जे रात्रंदिवस हळूहळू करत होतं, ते आपण घाईघाईत उरकतो. थकवा, पेटके, बीपी उतरणं, पथ्यपाणी, या सगळ्याचं मूळ बहुतांशी याच हिशेबात आहे.

मशीन नेमकं काय करतं

एका सुईतून रक्त मिनिटाला साधारण 250 ते 350 मिलिलिटर या वेगाने डायलायझरमध्ये जातं आणि दुसऱ्या सुईतून परत येतं. डायलायझरच्या नळकांड्यात केसांइतके बारीक, पोकळ असे हजारो तंतू असतात. रक्त तंतूंच्या आतून वाहतं, बाहेरून उलट दिशेने डायलिसेट नावाचं द्रावण वाहतं. युरिया, क्रिएटिनिन हे टाकाऊ पदार्थ आणि पोटॅशियम रक्तात जास्त आणि द्रावणात कमी किंवा अजिबात नसतं, म्हणून ते तिकडे झिरपतं. बायकार्बोनेट द्रावणातून रक्तात येतं आणि रक्ताचा वाढलेला आम्लपणा उतरतो. जास्तीचं पाणी दाबातल्या फरकामुळे ओढून घेतलं जातं.

लाल नळ्या बघून घाबरायला होतं, ते आम्ही समजू शकतो. पण कोणत्याही क्षणी शरीराबाहेर असलेलं रक्त साधारण पाव लिटर असतं. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं. मिनिटाला 300 मिलिलिटर धरलं तर चार तासांत 72 लिटर होतात, म्हणजे अंगातलं सगळं रक्त पंधराएक वेळा धुतलं जातं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतो. त्यामुळे दात काढायचा असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, शौचातून रक्त जात असेल, बाईंना पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल, तर सुई लावण्याच्या आधी सांगा.

एका वेळच्या डायलिसिसमध्ये तुमच्या रक्तासमोरून सुमारे 120 लिटर द्रावण वाहून जातं. ते बनवायला नळाचं पाणी तसंच चालत नाही. पिण्याच्या पाण्यातलं क्लोरिन पोटाला निरुपद्रवी असतं, पण रक्ताशी थेट गाठ पडली तर तांबड्या पेशी फोडू शकतं. मागच्या खोलीत कायम घरघरणारा आरओ प्लांट त्यासाठी आहे. महापालिकेने पाणी बंद ठेवण्याचा दिवस जाहीर केला की आमची धावपळ कशासाठी असते, तेही आता लक्षात येईल.

पाणी काढणं: सगळ्यात अवघड भाग

तुमचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, 60 किलो आहे आणि तुम्ही 63 किलोवर आलात असं धरू. लघवी होत नसेल तर दोन डायलिसिसच्या मधलं वजन म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर, तेव्हा तीन लिटर काढायचं आहे.

आता 60 किलोच्या माणसाच्या अंगात रक्त असतं सव्वाचार लिटरच्या आसपास. त्यातल्या पेशी वजा केल्या तर पातळ भाग उरतो तीनेक लिटर. म्हणजे रक्तात जेवढं पाणी आहे, जवळपास तेवढंच चार तासांत बाहेर काढायचं! हे जमतं, कारण पायांत, पोटात, फुफ्फुसांभोवती साचलेलं पाणी मागून रक्तात येत राहतं. पण त्या येण्याला स्वतःचा वेग आहे. आपण काढतोय जलद आणि मागून येतंय हळू असं झालं की रक्तवाहिन्या रिकाम्या पडू लागतात आणि बीपी कोसळतं.

बीपी उतरण्याआधी शरीर बहुधा खुणा देतं. एकामागून एक जांभया, कपाळावर घाम, मळमळ, कानात दडे, डोळ्यांपुढे अंधारी, कधी नुसतंच "काहीतरी होतंय" असं वाटणं. त्याच क्षणी हाक मारा. "उगाच कशाला सिस्टरला त्रास" असा विचार करणारी भिडस्त माणसं आमच्याकडे सगळ्यात जास्त अडचणीत येतात. लवकर कळलं तर पाणी काढणं थांबवून, पाय वर करून, थोडं सलाईन देऊन पाच-दहा मिनिटांत माणूस सावरतो. पोटरीत किंवा पावलात येणारे गोळेही बहुधा याच ओढाताणीतून येतात आणि बरेचदा शेवटच्या तासात येतात.

पाणी काढण्याचा वेग तासाला किलोमागे 13 मिलिलिटरच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. 60 किलोच्या माणसाला तो तासाला 780 मिलिलिटर पडतो. तीन लिटर चार तासांत काढले तर तासाला 750, म्हणजे कसंबसं बसतं. आणि "आज 9.40 ची लोकल पकडायचीय, अर्धा तास आधी सोडा" म्हटलंत, की तेच तासाला 857 होतं. मर्यादा ओलांडली. यात बीपी उतरतं एवढंच नाही, असे वारंवार झटके हृदयाच्या स्नायूलाही सोसावे लागतात. वेळ कमी करून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो तेव्हा तोंड वाकडं होतं, पण या बाबतीत आम्ही आडमुठे आहोत आणि राहणार.

डायलिसिस चालू असताना भरपेट जेवू नका. जेवण झालं की रक्त पोटाकडे धावतं आणि बीपीला आणखी एक उतरण मिळते. बीपीच्या सकाळच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या की नंतर, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. डॉक्टरांना विचारून फाइलवर लिहून घ्या, शेजारच्या बेडवरच्या काकांना विचारून ठरवू नका.

ड्राय वेट एकदा ठरलं म्हणजे कायमचं ठरलं, असं नाही

भूक मेली आणि दोन महिन्यांत अंगावरचं दोन किलो मांस झडलं, तरी काटा तोच आकडा दाखवू शकतो, कारण मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. आपण जुन्याच आकड्यापर्यंत पाणी काढून थांबतो आणि दोन लिटर आतच राहतं. मग रात्री आडवं झालं की दम लागतो, उशांची संख्या वाढते, बीपी गोळ्यांना दाद देत नाही. उलट भूक सुधारून खरंच वजन वाढलं असेल आणि आपण जुना आकडा धरून ओढत राहिलो, तर दर वेळी पेटके. म्हणून कपडे सैल झाले, चेहरा ओढलेला दिसतोय, किंवा जेवण वाढलंय, असं काहीही जाणवलं की सांगा. ही माहिती मशीनकडे नसते, घरच्यांकडे असते.

पहिले काही दिवस, आणि घरी गेल्यावर

नव्या रुग्णाचं पहिलं डायलिसिस आम्ही दोनेक तासांचंच आणि हलक्या वेगाने करतो. पैसे पूर्ण आणि वेळ अर्धा, असं वाटू शकतं. कारण असं आहे: युरिया रक्तातून भराभर निघतो, मेंदूतून मात्र सावकाश. मधल्या काळात मेंदूत तो जास्त उरला तर पाणी तिकडे ओढलं जातं. डोकं ठणकतं, उलट्या होतात, माणूस बावचळल्यासारखा होतो, क्वचित फिट येते. शरीराला सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्याने वेळ वाढवायचा.

नंतरच्या थकव्याला एकच कारण नाही. पाणी गेलेलं असतं, क्षार इकडचे तिकडे झालेले असतात, बीपी खालच्या बाजूला असतं. काहींना दोन तास झोप काढली की ताजंतवानं वाटतं, काहींचा तो दिवस जातोच. त्यामुळे घरी जाताना लगेच उठून पळू नका. आधी बसा, मग उभे राहा, मग चाला. कळव्याच्या किंवा मुंब्र्याच्या गर्दीच्या गाडीत एकट्याने लोंबकळत जाण्यापेक्षा सोबत कुणी असलेलं बरं. मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट: मूत्रपिंडं बंद पडल्यावर इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जुन्याच डोसने साखर फार खाली जाऊ शकते. पिशवीत साखर असू द्या.

मशीनला न जमणारी कामं

रक्त बनवण्याचा हुकूम देणारं एरिथ्रोपॉएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतं. मशीन ते बनवत नाही, म्हणून हिमोग्लोबिन घसरतं आणि इंजेक्शनं व लोह द्यावं लागतं. "इंजेक्शन नको, सरळ रक्ताची बाटली लावा" असं काही जण म्हणतात. पुढे मूत्रपिंड बदलायचं मनात असेल तर हे टाळलेलं चांगलं. परक्याच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार होतात आणि जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं.

दुसरं म्हणजे फॉस्फरस. तो चार तासांत पुरेसा निघत नाही. साचला की अंगाला खाज सुटते आणि हाडांतलं कॅल्शियम निघू लागतं. त्यासाठीची गोळी जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायची असते, कारण ती अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर तासाभराने घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते.

ताटात आणि पेल्यात

सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं. शरीराचाही हिशेब साधारण तोच आहे: पोटात 9 ग्रॅम मीठ गेलं की ते एक लिटर पाणी मागणार, आणि मिळेपर्यंत घसा कोरडा ठेवणार. म्हणून पाणी मोजून पिण्याआधी मीठ मोजा. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, मिसळीचा कट, वडापावबरोबरची तळलेली मिरची, इथे ते लपलेलं असतं. सैंधव आणि काळं मीठ हेही मीठच. सगळ्यात घातक म्हणजे बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून काही पूर्वसूचना न देता माणूस जाऊ शकतो.

ठाण्यातला मे महिना कसा असतो ते सांगायला नको. तरी शहाळं, उसाचा रस, मोसंबीचा रस बंद. कुणी आपुलकीने आणून दिलं तरी बंद. त्याऐवजी बर्फाचा छोटा खडा चघळा, चूळ भरा, दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवा. बटाटा, टोमॅटो, पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, म्हणजे पोटॅशियम बरंच कमी होतं. तिखट-मीठ लावलेल्या कमरखाच्या फोडी मूत्रपिंडाच्या रुग्णाने एकही खाऊ नये. त्यातलं द्रव्य मेंदूवर परिणाम करतं, आणि उचकीपासून फिटपर्यंत काहीही होऊ शकतं.

एक गोष्ट मात्र वाढवायची आहे. डायलिसिस सुरू होण्याआधी तुम्हाला डाळ, अंडी कमी करायला सांगितलं असेल. आता ते पथ्य संपलं. दर वेळी रक्तातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात, म्हणून आता किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. जुनं पथ्य निष्ठेने पाळून खंगत गेलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

अजून लघवी होत असेल तर तेवढी वाचवा. पाव लिटर झाली तरी तेवढं पाणी मशीनला कमी काढावं लागतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कुणी दिलेली भस्मं तिचा घात करतात.

फिस्टुलाचा हात

शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करण्याची पद्धत 1966 पासूनची आहे आणि अजून तिच्यापेक्षा सरस काही मिळालेलं नाही. शीर फुगून सुई सोसायला सहा ते आठ आठवडे लागतात. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर तपासा. थरथर थांबली तर दुपारची वाट न बघता फोन करा, काही तासांत गुठळी काढता आली तर फिस्टुला वाचू शकतो. त्या हाताने बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, घट्ट बांगड्या-घड्याळ घालू नका, तो हात उशाखाली घेऊन झोपू नका. फिस्टुलाऐवजी मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल आणि डायलिसिसच्या वेळी किंवा घरी थंडी वाजून ताप आला, तर क्रोसिन घेऊन झोपू नका. तो ताप रक्तातल्या जंतूंचा असू शकतो.

पावसाळा आणि डायलिसिसची चुकलेली पाळी

सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी 6 च्या शिफ्टवाल्यांना दोन पाळ्यांमध्ये 44 तास मिळतात, पण शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत 68. हाच काळ जास्त धोक्याचा. शनिवारी-रविवारी लग्न, बारसं, हळद असलं तरी पाणी-मीठ नेहमीपेक्षा कडक ठेवा. दुसऱ्या टोकाला पावसाळा: 26 जुलै 2005 सारखा दिवस रोज येत नाही, पण रुळांवर पाणी साचून गाड्या थांबणं ठाणेकरांना नवीन नाही. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच फोन करा, जागा असेल तर आम्ही पाळी अलीकडे घेतो. पोहोचता आलंच नाही तर पुढची पाळी होईपर्यंत फळं आणि रस्सा पूर्ण बंद, पाणी निम्म्यावर. दम लागला, छातीत धडधडलं, पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली, तर आमच्याकडे येण्यात वेळ न घालवता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि दारातच सांगा: "डायलिसिसचा पेशंट आहे, एक डायलिसिस चुकलं आहे, पोटॅशियम बघा आणि ईसीजी काढा." हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवा. फाइलच्या पहिल्या पानाचा, म्हणजे ड्राय वेट, रक्तगट आणि चालू औषधांचा, फोटोही त्याच्याच शेजारी असू द्या.