आजीवक आणि त्यांचा नियतिवाद

माणसाने कितीही हातपाय मारले तरी जे व्हायचं ते ठरलेलंच आहे, या एका मतावर आपल्या देशात अख्खा पंथ उभा होता, त्याचं नाव आजीवक. त्यांचा मोठा आचार्य मक्खली गोशाल, बुद्ध-महावीरांच्या काळातला, म्हणजे साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा, आणि जैन ग्रंथ सांगतात की आधी तो सहा वर्षं महावीरांसोबतच फिरत होता, मग दोघांचं फाटलं.

दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफल सुत्तात त्याचं म्हणणं आलंय. बळ नाही, पुरुषार्थ नाही, शहाणा असो की मूर्ख, सगळ्यांना ८४ लाख महाकल्प, म्हणजे अफाट लांब युगं, जन्म-मरणाच्या फेऱ्यात फिरावंच लागणार, सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो ना, अगदी तसं.

उवासगदसाओ या जैन ग्रंथात सद्दालपुत्त नावाच्या आजीवक कुंभाराची गोष्ट आहे, ती मला फार आवडते. तो मडकी उन्हात वाळत घालत असतो आणि महावीर विचारतात, ही कशी झाली? तो म्हणतो माती पाण्यात भिजवली, राख-शेण मिसळलं, चाकावर चढवली. मग हे कष्टाने झालं की आपोआप? आपोआप, सगळं ठरलेलंच असतं. बरं, कुणी ही मडकी फोडली किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला तर? तेव्हा कुंभार भडकतो, मी त्याला झोडपीन म्हणतो, आणि तिथेच अडकतो, कारण सगळं ठरलेलंच असेल तर त्या माणसाचा दोष काय!

पण हे विरोधकांनी लिहिलेलं आहे, आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ उरलेच नाहीत, त्यामुळे त्यांना आळशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. ही माणसं नग्न राहून कडक उपास-तप करायची, 'असेल माझा हरी' म्हणत खाटल्यावर पडून राहणारी नव्हती. बहुतेक त्यांच्या लेखी ते तपही नियतीतच लिहिलेलं होतं.

राजाश्रयही मिळाला. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत अशोकाने राज्याच्या १२ व्या वर्षी त्यांना गुहा दिल्या, आतल्या ग्रॅनाइटच्या भिंती आरशासारख्या घासलेल्या, आणि जवळच नागार्जुनी टेकडीत त्याचा नातू दशरथ याने आणखी ३ दिल्या. पुढे कुणीतरी काही शिलालेखांतून 'आजीवक' हा शब्दच छिन्नीने खरवडून काढलाय. पंथ मात्र दक्षिणेत, तमिळ मुलखात, साधारण १४ व्या शतकापर्यंत टिकून होता.