तांग काळातली लाकडी मंदिरं इतकी कमी का उरली

चीनमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वीची लाकडी मंदिरं ढिगाने असतील असं वाटतं ना, पण तांग राजघराण्याच्या काळातली धड उभी असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. आग, वाळवी, पाऊस हे लाकडाचे शत्रू आहेतच, पण मोठा दणका दिला तो राजाने. बौद्ध मठांकडे करमुक्त जमिनी होत्या, मूर्ती-घंटांमध्ये तांबं अडकलेलं आणि तिजोरी रिकामी, म्हणून ८४५ साली सम्राट वूझोंगने ४६०० च्या वर मठ बंद केले आणि अडीच लाखांहून जास्त भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडलं. पुढच्याच वर्षी तो गेला आणि नव्या सम्राटाने धोरण फिरवलं. शान्शी प्रांतातल्या वूताय डोंगरावर, म्हणजे मंजुश्री या बोधिसत्त्वाच्या डोंगरावर, फोग्वांग मंदिराचा पूर्वेकडचा मंडप ८५७ साली परत बांधला तो यामुळेच.

हा मंडप नंतर जग विसरलंच. जपानी अभ्यासक तर म्हणायचे की तांग काळातलं लाकूडकाम बघायचंय तर जपानमधल्या नारा शहरात या, चीनमध्ये काही उरलं नाही. हे लिआंग सिचेंग आणि त्यांची बायको लिन हुईयिन, दोघेही चिनी वास्तुरचनाकार, त्यांना काही पटत नव्हतं. वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या बौद्ध गुहेतल्या एका भित्तिचित्रात या मंदिराचं नाव होतं, त्या धाग्यावरून १९३७ च्या उन्हाळ्यात ते खेचरांवरून वर पोचले. माळ्यावर वटवाघळं, ढेकूण आणि धूळ, त्यातच मोजमापं चालू. लिनबाईंना लांबचं चांगलं दिसायचं, त्यांनी खालूनच तुळईवरची पुसट शाईची अक्षरं हेरली, त्यात निंग गोंगयू या दानकर्त्या बाईचं नाव निघालं आणि तेच नाव बाहेरच्या दगडी स्तंभावर सालासकट कोरलेलं! साल पक्कं झालं ते असं. त्याच दिवसांत, ७ जुलैला, जपानशी युद्धाला तोंड फुटलं.

हे टिकलं कसं? खांब दगडी बैठकीवर ठेवलेले, छताचा भार भिंतींवर नाहीच, आणि खांबांच्या डोक्यावर दोउगोंग, म्हणजे खाचा-कुसवांनी एकमेकांत बसवलेले ठोकळे नि आडवे हात, ज्यांच्या जोरावर छप्पर जवळजवळ ४ मीटर बाहेर येतं, त्यामुळे पाऊस लाकडापासून लांब राहतो आणि भूकंपात सांधे जरा हलून धक्का पचवतात. शान्शीतल्याच यिंगश्यनचा १०५६ सालचा ६७ मीटर उंच लाकडी पॅगोडा याच जातीचा.

फोग्वांगहून जुना, शान्शीतल्याच नानचान मंदिराचा मंडप, ७८२ सालचा, १९५० च्या दशकात सापडला. आडगावातलं एवढंसं देऊळ, ८४५ च्या हुकमाची झळ बहुतेक तिथवर पोचलीच नसावी.