फायरमन (वाफेच्या इंजिनानंतर)

वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, बॉयलरमधले पाणी आणि वाफेचा दाब राखणारा रेल्वे कर्मचारी म्हणजे फायरमन. जुन्या बोलीत आगवाला. डिझेल आल्यावर भट्टी गेली, पण ड्रायव्हरशेजारची जागा राहिली. तिथल्या माणसाला आधी डिझेल असिस्टंट, पुढे सहाय्यक लोको पायलट म्हणू लागले.

विदर्भाच्या खेड्यांत हा बदल उशिरा आला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या सुमारे १९० किमीच्या नॅरोगेजवर, म्हणजे लोकांच्या 'शकुंतले'वर, मँचेस्टरला १९२१ साली बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून धावत होते. ते थेट १५ एप्रिल १९९४ रोजी उतरवले आणि डिझेल लागले. वाफेच्या इंजिनांचे भारतातले उत्पादन तर १९७२ मध्येच थांबले होते!

फायरमनचे खरे कसब हातात कमी, डोळ्यांत जास्त. धुराच्या रंगावरून आग कुठे पातळ पडली ते ओळखायचे, चढाच्या आधीच दाब वाढवून ठेवायचा, भट्टीच्या जाळीवर साचलेली खंगर (कोळशाच्या राखेचे घट्ट गोळे) उकरायची. यातले काहीच डिझेलला लागत नाही. उरली ती नजर. लांब तोंडाच्या डिझेल इंजिनात वळणावर ड्रायव्हरला पलीकडची बाजू दिसत नाही, म्हणून असिस्टंट सिग्नल बघून मोठ्याने पुकारतो आणि ड्रायव्हर तो परत उच्चारतो. मागे वळून गाडी नीट येते ना ते बघणे, गार्डशी झेंडी-दिव्याने इशारा जुळवणे, तेल-पाणी तपासणे हीही कामे त्याचीच. गाडी मध्येच अडली तर फटाके, म्हणजे चाकाखाली फुटून येणाऱ्या गाडीला धोका कळवणारे, घेऊन तोच रुळावरून धावतो. नॅरोगेजवर ४०० मीटरवर एक आणि ८०० मीटरवर तीन लावायचे असतात.

अमेरिकेत मात्र डिझेलवरच्या या दुसऱ्या माणसावरून कंपन्या आणि संघटना वर्षानुवर्षे भांडल्या. १९६३ साली लवादाने मालगाड्या आणि यार्डांतल्या बहुतेक जागा अनावश्यक ठरवल्या. आपल्याकडे मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यांवर तो टिकला. मुंबईच्या लोकलचा मोटरमन तेवढा एकटा.

पूर्वी शेडमध्ये इंजिने पुसत शिरायचे, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर (यार्डात इंजिन-डबे हलवणारा) आणि अखेर ड्रायव्हर. आता सहाय्यक लोको पायलटची भरती रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतून होते. आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो. शकुंतलेवर शेवटी या पायऱ्याही पुसट झाल्या होत्या: सात जणांचा स्टाफ तिकिटे विकण्यापासून इंजिन सोडवण्यापर्यंत सगळेच करायचा.