चलन निकाली निघेपर्यंत, आणि त्यानंतर?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कमानींवरचे कॅमेरे प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वाचतात. बोलणे होते ते दंडाच्या रकमेबद्दल आणि थकलेल्या ई-चलनांबद्दल. ज्याने वेगमर्यादा पाळली, पट्टा लावला, लेन सोडली नाही, त्याच्या गाडीची नोंद पुढे किती दिवस राहते, हे सहसा कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाल्यावर हा प्रश्न थोडाफार वर आला. त्याची मुळे मात्र आधीची आहेत.

मुंबईत रस्तोरस्ती कॅमेरे आले ते वाहतुकीसाठी नव्हे. २६/११ च्या हल्ल्यानंतर शहरावर नजर ठेवण्याची गरज पुढे आली, निविदांचा घोळ अनेक वर्षे चालला आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे सुरू झाले. लवकरच त्याच कॅमेऱ्यांवरून ई-चलन फाडले जाऊ लागले. दहशतवादासाठी बसवलेली यंत्रणा सिग्नल तोडणाऱ्यांकडे वळली, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्याही घालून दिल्या. त्या कसोट्यांवर हे कॅमेरे तेव्हा कुणी तपासले नाहीत.

नुसता नंबर निरुपद्रवी असतो, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदवहीशी जोडला की तोच नंबर मालकाचे नाव आणि पत्ता होतो. मार्च २०१९ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही नोंदवहीच घाऊक विकायला काढली : कंपन्यांना वर्षाला ३ कोटी रुपये, संशोधनासाठी शैक्षणिक संस्थांना ५ लाख. नावे वगळली तरी इतर माहितीशी ताडून माणूस ओळखता येईल, हा धोका त्या धोरणातच मान्य केला होता. तरीही विक्री झाली. जून २०२० मध्ये धोरण मागे घेतले गेले ते खासगीपणाचेच कारण देऊन. पैसे जमा झाले होते आणि माहिती बाहेर गेली होती.

कॅमेऱ्यांना स्वतःचा नियम मिळाला तो ११ ऑगस्ट २०२१ रोजी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३६-अ खाली केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम घातला गेला. यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करायचे. टेहळणीच्या टप्प्याआधी ठळक फलक हवा. चित्रावर ठिकाण, तारीख, वेळ हवी. नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे. हे सगळे चांगलेच आहे. पण यातली बहुतेक कलमे न्यायालयात पुरावा टिकावा म्हणून लिहिली आहेत, हे वाचताक्षणी कळते.

साठवणुकीबद्दल त्यात एकच वाक्य आहे : चलन निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपावी. सगळी ओढाताण या वाक्याची. ही किमान मुदत आहे, पुरावा मधेच पुसला जाऊ नये म्हणून घातलेली, असे म्हणता येते. ही कमाल मुदत आहे, काम संपले की नोंदही संपावी, असेही म्हणता येते. पहिला अर्थ घेतला तर दंड भरून मोकळ्या झालेल्याची नोंदही पुसण्याचे बंधन नाही. दुसरा घेतला तरी दंड वर्षानुवर्षे थकला की नोंदही तितकीच वर्षे राहणार, आणि राज्यातला थकबाकीचा ढीग सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या नावे चलनच फाटले नाही, त्याला यातला कुठलाच अर्थ लागू पडत नाही. चलनच नाही, तर ते निकाली निघणार कधी? दोषी चालकाच्या नोंदीला निदान शेवट आहे, निर्दोष चालकाच्या नोंदीला नियमात मुदतच नाही. मुद्दाम ठेवलेली ही पळवाट असेल असे वाटत नाही, ही वाहने कुणाच्या डोळ्यांपुढेच आली नसावीत.

बाहेरदेशी भांडण नेमके याच वाहनांवरून झाले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००८ साली सांगितले की पोलिसांच्या शोधयादीत नसलेला नंबर लगेच पुसला तर हक्काला धक्का लागत नाही. २०१८ साली त्याच न्यायालयाने हे मत बदलले : तपासणी झाली, तिथेच हक्कात हस्तक्षेप झाला. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात अशी नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते. ब्रिटनमध्ये पोलिस ती वर्षभर ठेवतात. मुदत कमी की जास्त यावर वाद घालता येतो, कारण मुदत लिहिलेली आहे.

आपल्याकडचा डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याची मुख्य बंधने नियमांच्या अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. गुन्हे रोखणे आणि त्यांचा तपास यासाठीच्या माहितीला कलम १७ बहुतेक बंधनांतून सोडते, माहिती फुटू नये एवढी जबाबदारी तेवढी उरते. त्याच कलमाचे चौथे पोटकलम अधिक बोलके आहे : काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन सरकारी यंत्रणांना नाही, आणि नागरिकाला ‘पुसा’ म्हणण्याचा हक्कही त्यांच्यापुढे चालत नाही. १६७-अ मध्ये जी जागा रिकामी राहिली होती, ती या कायद्याने भरली नाही, उलट अधिकृत केली.

दरम्यान टोलनाक्यांवर फाटक नसलेली पद्धत येते आहे. गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये करार झाला. तिथे फास्टॅगच्या जोडीला नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे प्रत्येक गाडी टिपणार, आणि त्या नोंदींना चलनाशी काही देणेघेणे नसेल.