गोधडी

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून ते हाताने, धावदोऱ्याने सर्वभर टाचून केलेले अंथरूण-पांघरूण. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ, तर सीमाभागात व कर्नाटकात कौदी म्हणतात. तान्ह्या मुलासाठी मऊ कापडाची, कमी थरांची शिवतात ते दुपटे. घोंगडी हा निराळा प्रकार असून ती लोकरीची व मागावर विणलेली असते. गोधडीला माग लागत नाही; सुई, दोरा आणि घरातले जुनेर एवढ्यावर ती उभी राहते.

उगम : गोधडीच्या प्राचीनतेविषयी बरेच लिहिले गेले आहे, मात्र पुरावा त्या मानाने थोडा आहे. सुती चिंध्या दमट हवेत टिकत नाहीत आणि फाटेपर्यंत वापरायची वस्तू कोणी जपून ठेवत नाही. संग्रहालयांत पोहोचलेल्या बंगाली कांथांपैकी (कांथा म्हणजे बंगालमधील गोधडी) बहुतेक एकोणिसाव्या शतकातील किंवा त्यानंतरच्या आहेत. कोलकात्याजवळील जोका येथील गुरुसदय संग्रहालयातला संग्रह त्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. त्यामुळे मागचा शोध वाङ्मयातच घ्यावा लागतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (सामान्यतः इ. स. पू. पाचवे ते चौथे शतक) ‘कन्था’ (चिंध्या जोडून केलेले पांघरूण) हा शब्द येतो, पण तो उशीनर या प्राचीन प्रदेशातील स्थलनामांच्या संदर्भात (२.४.२०), त्यावरून पांघरुणाचे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर तुकड्यांच्या जीर्ण कंथेचा उल्लेख आहे, तर शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरलेला योगी भेटतो. भर्तृहरीचा काळ आणि स्तोत्राचे कर्तृत्व हे दोन्ही वादाचे विषय आहेत. बौद्ध भिक्षूंचे पांसुकूल चीवर, म्हणजे टाकलेल्या चिंध्यांचे वस्त्र, याहून जुने असून, विनयपिटक या भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात चीवराच्या तुकड्यांची मांडणी मगधातील बांध घातलेल्या शेतांसारखी असावी असे सांगितले आहे.

या उल्लेखांच्या आधारे काहींनी घरगुती गोधडी ही संन्याशाच्या कंथेपासून निघाली असे मानले आहे. उलट क्रम अधिक संभवनीय दिसतो. चिंध्या जोडून थंडी भागवणे ही गरिबाघरची रीत आधीपासून असावी आणि त्यागाची खूण म्हणून विरक्तांनी ती उचलली असावी. ग्रंथ विरक्तांनी लिहिले, म्हणून उल्लेखही त्यांच्याच कंथेचे उरले. महाराष्ट्रात हा धागा गाडगेबाबांपर्यंत (१८७६–१९५६) येतो. चिंध्या जोडलेला अंगरखा त्यांची ओळखच होता.

सिंध, कच्छ व पश्चिम राजस्थान येथील रल्ली या गोधडीच्या संदर्भात अभ्यासक पॅट्रिशिया स्टॉडर्ड यांनी सिंधु संस्कृतीच्या मृद्‌भांड्यांवरील नक्षीशी साम्य दाखवले आहे. साम्य नाकारता येत नाही. तथापि चौकोन, त्रिकोण व त्यांच्या रांगा या आकृती कापड दुमडून, फाडून जोडताना आपोआप निघतात. मधल्या तीन-चार हजार वर्षांचा दुवा दाखवता येत नसताना केवळ आकृतींवरून परंपरा सिद्ध होत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या ‘कवंदी’ या गोधडीच्या उगमाचा वाद अलीकडचा आहे. या समाजातील बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, तेथून घाटावरच्या जंगलात निसटलेले. कला-इतिहासकार हेन्री ड्रुअल यांनी या गोधड्यांचा विस्तृत अभ्यास केला असून भडक रंगांच्या मुक्त मांडणीत त्यांना आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतर कलांशी नाते जाणवते. शिवणीचे तंत्र मात्र शेजारच्या कौदीपेक्षा फारसे वेगळे नाही. तंत्र स्थानिक व रंगदृष्टी स्वतःची, असा मध्यम मार्ग सध्या तरी सयुक्तिक वाटतो. कवंदीच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे लहान त्रिकोण बसवतात, त्यांना ‘फुले’ म्हणतात.

शिवण : तळाला व वर प्रत्येकी एक धड लुगडे असते. नऊवार लुगड्याची लांबी सुमारे ८ मीटर असल्याने एकाच लुगड्यातून दोन्ही बाजू निघू शकतात. मध्ये भर म्हणून धोतराची पाने, सदरे, परकर यांचे शिवणी व गुंड्या काढलेले तुकडे पसरतात. कापड आधी धुऊन खळ काढून टाकतात, कारण खळीच्या कापडात सुई अडते आणि पहिल्या धुण्यानंतर ते आटून झोळ धरते. सारवलेल्या जमिनीवर थर ताणून, कडेला वजने ठेवून, लांब कच्चे टाके घातले की मगच खरी शिवण सुरू होते.

पाश्चात्त्य पद्धतीत थर चौकटीवर ताणतात आणि शिवण बहुधा मध्यापासून कडेकडे नेतात, म्हणजे सैल कापड बाहेर सरकते. गोधडीत चौकट नसते. कडा आधी दुमडून बंद केली जाते व टाक्यांचे चौकोनी फेरे आत आत जातात. यात झोळ मध्याकडे साचण्याचा धोका असतो, आणि शिवणारीचे कसब तेथेच कळते: तळहाताने कापड सारखे करत, झोळ थोडाथोडा टाक्यांतच जिरवावा लागतो. त्यातून पृष्ठभागावर बारीक सुरकुत्यांचे तरंग उमटतात. नवख्याला तो दोष वाटतो, जाणत्या बाया त्यावरून हात ओळखतात. कडेपासून आत येण्याचे कारण सौंदर्याचे नसून सोयीचे असावे. चारही बाजूंना चार जणी बसू शकतात आणि अर्धवट गोधडी गुंडाळून ठेवली तरी उसवत नाही. काही भागांत फेऱ्यांऐवजी समांतर ओळी घालतात.

विरलेले कापड एकेकटे ओढले तर फाटते; दाट टाक्यांनी बांधलेल्या थरांत तो ताण वाटला जातो, म्हणून चिंध्यांची गोधडी वर्षानुवर्षे चालते. ऊब मिळते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे.

वापर व व्यवहार : काटकसरीच्या घरात गोधडी हा कापडाच्या प्रवासातील उशिराचा टप्पा होता. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून त्याला दांड घालत, म्हणजे उरलेले भाग जोडून शिवत. मग त्याचे परकर-पोलके, मग दुपटे किंवा गोधडी, आणि गोधडीही गेली की पायपुसणे व शेवटी पोतेरे. शिवण बहुधा सुगीनंतर, पावसाळ्यापूर्वीच्या रिकाम्या दिवसांत होई. नवरात्रापूर्वी ‘दसरा काढताना’, म्हणजे घराची साफसफाई करताना, घरातल्या साऱ्या गोधड्या नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुण्याची चाल ग्रामीण महाराष्ट्रात अजून आढळते. दारोदार फिरून मजुरीवर वाकळ शिवून देणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांच्या कामाची नोंद फारशी झालेली नाही.

ऱ्हासाचे कारण म्हणून सोलापुरी चादर आणि पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांकडे बोट दाखवले जाते. (पानिपतची पुष्कळ ब्लँकेटे जुन्या लोकरी कपड्यांचा धागा पुन्हा कातून बनतात, हे येथे नोंदवण्यासारखे.) कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा परिणाम मात्र अधिक खोल असावा: त्या लवकर विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात. भांडी घेऊन दारी येणाऱ्या बोहारणीने जुन्या कपड्यांना दुसरी वाटही आधीच काढून दिली होती.

अलीकडे शहरांत आजीच्या साड्यांची किंवा बाळाच्या कपड्यांची गोधडी शिवून घेण्याची हौस वाढली असून महिला बचत गटांना त्यातून काम मिळते. यांतील बऱ्याच गोधड्या यंत्रावर शिवलेल्या, नव्या कापडाच्या व आत पॉलिएस्टरची भर घातलेल्या असतात.