अंबडचा मायक्रोमीटर खरं बोलतोय हे ठरवतं कोण?

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या अंबड एमआयडीसीतल्या शॉपमधून अ‍ॅल्युमिनियमचे १०० मिलीमीटर व्यासाचे जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, गेले आणि गिऱ्हाईकाकडून अख्खा लॉट परत आला, म्हणे व्यास २० मायक्रॉनने कमी (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). आता आमच्याकडे प्रत्येक जॉब मायक्रोमीटरने, म्हणजे जाडी-व्यास बारीक मोजायच्या हत्याराने, चेक केलेला, मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर, ड्यू डेट पण उलटलेली नाही. मग चुकलं कोण?

माप दोन्हीकडे नीटच घेतलं होतं. चुकलं टेंपरेचर. लांबीचं माप जगभर २० डिग्री सेल्सिअसला धरतात, १९३१ पासून तसं ठरलंय, गिऱ्हाईकाची मापायची रूम एसी लावून तेवढीच ठेवलेली आणि आमच्याकडे पत्र्याखाली ३८. अठरा डिग्रीच्या फरकाने १०० मिलीमीटर अ‍ॅल्युमिनियम साधारण ४१ मायक्रॉन वाढतं, मायक्रोमीटरचं स्टील पण वाढतं पण निम्मंच, २१ च्या आसपास, आणि उरलेले २० मायक्रॉन आम्ही जॉबच्या मापात धरून बसलो होतो. जॉब स्टीलचा असता तर दोघं बरोबरीने वाढले असते, कोणाला पत्ताही लागला नसता.

तेव्हा मी पहिल्यांदा मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलमधून काढून नीट वाचलं. खूप जणांना वाटतं कॅलिब्रेशन म्हणजे रिपेअरिंग, पण तसं नाही. मायक्रोमीटर कुठल्या मापाला किती चुकतो आणि त्या आकड्यावर भरवसा किती, म्हणजे अनिश्चितता किती, एवढंच ते सांगतं, आणि तेही लॅबमधल्या २० डिग्रीला.

लॅबने आमचा मायक्रोमीटर स्लिप गेजवर, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांवर, तपासला, ते स्लिप गेज त्याहून अचूक गेजवर तपासलेले, असं वर वर जात साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, तिथे लांबी लेसरच्या तरंगलांबीने मोजतात. त्याच्याही वर थेट प्रकाशाचा वेग, कारण १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश निर्वातात १ सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढं. प्रत्येक पायरीवर थोडी अनिश्चितता वाढत जाते, म्हणून तो आकडा नसेल तर ती साखळी नुसती नावाची.

लासलगावला कांद्याची ट्रॉली ज्या भुईकाट्यावर चढते त्याचंही असंच, वैधमापन खात्याची वजनं शेवटी दिल्लीलाच जोडलेली. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ नंबरचा किलोग्रॅम आहे, ज्यावरून किलो ठरायचा त्या पॅरिसजवळच्या मूळ धातूच्या किलोची प्रत. मूळ किलो आणि त्याच्या प्रतींमध्ये शंभर वर्षांत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला, आणि खरा कोण बदलला हे सांगायला दुसरं मापच नव्हतं! म्हणून २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या कधी न बदलणाऱ्या एका आकड्यावर, बांधला.

आमच्याकडे आता जॉब, मायक्रोमीटर आणि तो सेट करायचा ठरावीक मापाचा तुकडा (सेटिंग स्टँडर्ड) मापायच्या आधी दोन तास एकाच सरफेस प्लेटवर, म्हणजे मापायच्या सपाट पाटावर, ठेवतो, अ‍ॅल्युमिनियम असेल तर फरकाचा हिशोब करतो, आणि रीडिंगच्या शेजारी टेंपरेचरचा कॉलम आहे, तो रिकामा असेल तर मी सही करत नाही.